ठिपके हुलकावणी देत नाहीत

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

पडद्यावर फिरणाऱ्या ठिपक्यांचा पाठपुरावा करायला लावून मुलांची एकाग्रता वाढवून देणाऱ्या वर्गांच्या जाहिराती हल्ली इंदुरात वरचेवर दिसतात. माझा नातू अशा एका वर्गाला तीन महिने जात होता, म्हणून हे पत्र.

या व्यायामामागचे शास्त्र खोटे नाही. झेनॉन पिलिशिन आणि रॉन स्टॉर्म यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगापासून ही पद्धत रूढ झाली: एकसारख्या आकृतींपैकी काही क्षणभर लुकलुकतात, मग साऱ्याच वेड्यावाकड्या फिरू लागतात आणि थांबल्यावर मघाच्या नेमक्या कोणत्या, ते सांगायचे असते. साधारणपणे अशा चार आकृती सांभाळता येतात. मात्र वेग पुरेसा कमी केला तर आठसुद्धा सांभाळता येतात आणि फार वाढवला तर एखादीच, हे अल्वारेझ आणि फ्रँकोनेरी यांनी 2007 साली दाखवले. नातवाच्या प्रगतिपत्रकात ‘पहिला महिना तीन, तिसरा महिना पाच’ असे आकडे होते. वेगाचा रकानाच नव्हता. विचारले तेव्हा “आजोबा, ते सॉफ्टवेअर आपोआप ठरवतं,” असे उत्तर मिळाले.

मॉन्ट्रियलच्या जोसलिन फोबेर यांच्या 2013 सालच्या अभ्यासाचा दाखला हे वर्ग देतात. त्यात व्यावसायिक खेळाडू हे काम हौशी खेळाडूंपेक्षा आणि खेळाडू नसलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर शिकले, हे खरे. पण चांगला खेळाडू ठिपके लवकर शिकतो म्हणून ठिपके गिरवणारा चांगला खेळाडू होतो, हे त्यातून कसे निघते?

मी 30 वर्षे क्रीडाशिक्षक होतो आणि आजही सकाळी चिमणबाग मैदानावर मुलांचा खो-खो पाहत असतो. मैदानात एका वेळी संरक्षक तीनच असतात, म्हणजे चारच्या आतच. तरीही आक्रमक चुकतो, कारण कोण दमला आहे, कोण खांबाकडे सरकतो आहे आणि आता खो कोणत्या गड्याला द्यावा, हे त्याला पळता पळता ठरवावे लागते. ठिपके दमत नाहीत आणि हुलकावणीही देत नाहीत.

नातवाला एक युक्ती मात्र गवसली, तीही कोणी न शिकवता: एकेका ठिपक्यामागे न धावता साऱ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर नजर ठेवायची. डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या प्रयोगांतही अनेकजण असेच पाहतात, असे आढळले आहे. पुढे मैदानावर तो तशी नजर ठेवू लागला का, हे मी मुद्दाम पाहिले. पहिल्याच डावात तो एकाच्या मागे लागला आणि दुसरा त्याच्या पाठीमागून निघून गेला.

तेव्हा अशा वर्गांनी प्रगतिपत्रकात आकृतींच्या संख्येबरोबर वेग छापावा आणि पडद्याबाहेरची कोणती गोष्ट वर्गाआधी व नंतर मोजली, ते शुल्क घेण्यापूर्वी पालकांना लेखी द्यावे. आपल्या दैनिकानेही अशी जाहिरात स्वीकारताना एवढे विचारावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, इंदूर