बिडाच्या खांबांना साधा रॉड नको

महोदय,

पावसाळ्याआधी मराठवाड्यातल्या गावोगावी जुने दिव्याचे खांब, बाक, कठडे यांची डागडुजी निघते. हे काम बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहे (बीड जिल्ह्याशी संबंध नाही!). बिडात कार्बन २ ते ४ टक्के, म्हणून ते ठिसूळ. साध्या वेल्डिंग रॉडने सांधले की निवताना टाक्याशेजारीच (वेल्डिंगच्या सांध्याशेजारीच) नवी चीर जाते. निकेल रॉड घ्यावा, टाका इंचभराचाच मारावा, वर राख टाकून सावकाश निवू द्यावे.

सर्वांत घातक म्हणजे बुडाशी घातलेला सिमेंटचा कट्टा. पोकळ खांबातले पाणी अडते, गंज फुगतो, खांब आतून फाटतो. बुडाचे भोक मोकळेच हवे.

जुन्या रंगात बहुधा शिसे असते. त्याची धूळ उडू नये म्हणून ग्राइंडर न लावता ओले घासावे. वाळताच, त्याच दिवशी, गंज रोखणाऱ्या झिंक फॉस्फेट प्रायमरचा पहिला हात द्यावा.

– एक वाचक, जालना