चि. मुक्तास: स्क्रूच्या आधीच्या भोकाविषयी

इंदूर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

रामबागेतल्या घराच्या जुन्या सागवानी फळ्यांचे तू वडोदऱ्याला पुस्तकांचे कपाट करते आहेस, आणि तेही लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर, हे वाचून फार समाधान वाटले. स्क्रू पिळण्याआधी भोक पाडावे का, असे तू विचारले आहेस. पाडावेच, आणि त्याचे माप पाकिटावरच्या आकड्यावरून न ठरवता स्क्रूच्या गाभ्यावरून ठरवावे.

आटे वगळले तर मधे जो दांडा उरतो, तो गाभा. ४ मिमीच्या लाकडी स्क्रूचे ४ हे माप आट्यांसकट असते. गाभा साधारण २.५ मिमीच्या आसपास भरतो. भोक नसले तर या गाभ्याला शिरण्यासाठी लाकूड दोन्ही बाजूंना रेटावे लागते, आणि फळीच्या टोकाजवळ तंतूंना धरून ठेवायला पुढे काही नसल्यामुळे ती तिथेच उलते. गाभ्याएवढे भोक असले, की गाभा सहज उतरतो आणि फक्त आटे लाकडात रुततात. पकड आट्यांची असल्यामुळे ती कमी होत नाही. पाइनसारख्या मऊ लाकडात भोक गाभ्याहून किंचित लहान चालते, शिसवीत किंचित मोठे लागते. तुझा साग पुरता वाळलेला आहे, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यात २.५ मिमीचे बिट वापरून पाहा आणि स्क्रू फार जड जाऊ लागला तर ३ मिमीचे घे. बिट उजेडासमोर स्क्रूपुढे धरलेस, की गाभा झाकला जाऊन दोन्ही बाजूंना फक्त आटे दिसले पाहिजेत. ही खूण कोणत्याही तक्त्यापेक्षा मला अधिक भरवशाची वाटते. सागात वाळूसारखे सिलिका असते, त्यामुळे बिटाची धार लवकर जाते. लाकडाचा भुसा निघण्याऐवजी धूर येऊ लागला तर जोर न लावता बिट बदल.

दोन फळ्या एकमेकींवर जोडताना वरच्या फळीतले भोक आट्यांसकट पूर्ण मापाचे, म्हणजे ४ मिमीच्या स्क्रूला ४.५ मिमीचे, ठेवावे. आटे दोन्ही फळ्यांत रुतले तर मधली फट आहे तेवढीच राहते, मग कितीही पिळले तरी ती मिटत नाही. पितळी स्क्रू वापरणार असशील तर आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा आत-बाहेर करून आटे पाडून घे आणि मग पितळी स्क्रूला मेण लावून बसव, कारण पितळ मऊ असल्याने डोके तुटून दांडा आतच राहतो. मेणाऐवजी साबण लावू नकोस. तो ओल धरतो.

लोखंड मात्र लाकडासारखे दबत नाही, म्हणून तिथे दशांश मिलिमीटरचाही हिशेब लागतो. अँगलमध्येच आटे पाडून बोल्ट बसवायचा असेल, तर बोल्टच्या व्यासातून आट्यांमधले अंतर वजा करावे: एम ६ साठी, म्हणजे ६ मिमी व्यासाच्या बोल्टसाठी, ६ वजा १, म्हणजे ५ मिमी, एम ५ साठी ४.२ आणि एम ४ साठी ३.३ मिमी. भोकाची जागा आधी सेंटर पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यासारख्या हत्याराने, ठोकून घे, नाहीतर बिट पृष्ठभागावर घसरते. बिटाच्या टोकाची मधली आडवी धार कापत नाही, ती नुसती रेटते. त्यामुळे ८-१० मिमीचे भोक हवे असेल तेव्हा आधी ३ मिमीचे पाडले, की मोठ्या बिटाला तो अडथळा उरत नाही. वेग कमी ठेव, बिट जितके मोठे तितका आणखी कमी, आणि तेलाचे थेंब देत राहा. अँगल क्लॅम्पने घट्ट आवळल्याशिवाय ड्रिल चालू करू नकोस, डोळ्यांना चष्मा लाव, आणि हातमोजे घालू नकोस. फिरते बिट कापड पकडून हात ओढून घेते.

तुझ्या कपाटात स्क्रू अँगलखालून वर फळीत जाणार आहेत, तेव्हा बिटावर चिकटपट्टीची खूण करून खोली ठरव, म्हणजे फळी वरून फुटणार नाही. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यासाठी पुढच्या कडेची अँगलमधली भोके नेमकी ठेव आणि मागच्या कडेची कानशीने फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट कर, म्हणजे स्क्रू फळीबरोबर सरकेल व फळी तडकणार नाही. लोखंडातली सगळी भोके फळ्या ठेवण्यापूर्वीच पाडून, त्यांच्या धारदार कडा मोठ्या बिटाने हाताने फिरवून मोडून घे. कीस पूर्ण झाडून टाक, कारण तो सागावर राहून ओल लागली की काळे डाग पडतात. त्यानंतर अँगलला रंग दे, तो पुरता वाळू दे आणि मग फळ्या बसव.

सियागंजातून २.५, ३, ४.२, ४.५ आणि ५ मिमीची एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिटे आणून ठेवली आहेत. तुझी आई येताना घेऊन येईल.

तुझे,
बाबा