मंदीत धातूचे शेअर विकावेत की ठेवावेत?

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पोलाद, तांबे आणि साखर या तिन्ही क्षेत्रांतले तुझे शेअर मंदीच्या बातम्यांनी उतरत असताना ते विकावेत की ठेवावेत, असे तू विचारले आहेस. आणि मुलीच्या पुढच्या वर्षीच्या फीचे पैसेही त्यातच आहेत, हे वाचल्यापासून मला चैन नाही. म्हणून आधी तेच सांगतो. त्या फीपुरते शेअर भावाकडे न पाहता याच आठवड्यात विकून टाक.

मी 2008 साली तसे केले नाही. जानेवारीत सेन्सेक्स 21,000 च्या घरात होता, मार्च 2009 मध्ये तो 8,200 च्या खाली आला, आणि घराचे पैसे भरायची मुदत नेमकी तेव्हाच आल्यामुळे मला धातूचे शेअर तळाच्या भावात विकावे लागले. चीनने नोव्हेंबर 2008 मध्येच चार लाख कोटी युआनचा खर्च जाहीर केला होता आणि 2009 च्या वर्षभरात तांब्याचा भाव दुपटीहून अधिक झाला. धातू सावरतील हा माझा अंदाज खरा ठरला, पण तोवर माझ्या हाती काही उरले नव्हते.

राहिलेल्या शेअरांबद्दल. पोलाद कंपनीचा पीई, म्हणजे शेअरचा भाव दर शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, पाच-सहाच आहे, म्हणून ती स्वस्त आहे, असे तू लिहितोस. मला हे पटत नाही. धातूच्या धंद्यात तेजीच्या शिखरावर नफा फुगलेला असतो, म्हणून पीई तेव्हाच सर्वांत कमी दिसतो. तळाला नफा आटला की तोच पीई अवाढव्य होतो किंवा तोट्यामुळे काढताच येत नाही. त्यापेक्षा कर्ज किती आणि एक टन माल काढायला खर्च किती, हे पाहा. भाव पडले की ज्याचा खर्च जास्त त्याची भट्टी आधी विझते, पुरवठा घटतो आणि तगून राहिलेल्याला पुढची तेजी मिळते. शिरोलीच्या फौंड्र्यांत ऑर्डरी घटून पाळ्या कमी झाल्या की बँकेचे हप्ते कोणाला जड जातात, हे आपण दोघांनीही जवळून पाहिले आहे.

सरकारचा हातही विसरू नकोस. मे 2022 मध्ये पोलादाच्या अनेक प्रकारांवर अचानक 15 टक्के निर्यात शुल्क लागले, शेअर एका दिवसात कोसळले, आणि नोव्हेंबरमध्ये ते शुल्क रद्द झाले. साखरेचे तर बरेचसे गणितच दिल्लीत ठरते. मंदी आली म्हणून चहातली साखर कोणी कमी करत नाही, पण डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले तेव्हा चांगल्या कारखान्यांचे शेअरही घसरले. त्यामुळे साखर मंदीच्या भीतीने विकू नकोस. ती पाऊस आणि इथेनॉलचे धोरण पाहून ठरव.

तुझ्या पत्रावरून पोलाद कंपनीवर कर्ज मोठे दिसते. तसे असेल तर तोटा सोसूनही तिच्यातून बाहेर पड; शेअर वर्षाहून जुने असल्याने तो दीर्घकालीन तोटा प्राप्तिकर काढताना दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो आणि विवरणपत्र वेळेत भरल्यास आठ वर्षे पुढे नेता येतो. तांब्याचे शेअर मात्र मी ठेवले असते.

पोलाद आणि तांबे या दोन्ही कंपन्यांचे ताळेबंद पाठव. व्याजाचे आकडे मी स्वतः पाहतो आणि रविवारी फोन करतो. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा मित्र