बोगदे नव्हे, विहीर पाहा
रविवारच्या पुरवणीतील अमेरिकेच्या ‘भूमिगत रेल्वे’वरील (म्हणजे खरी रेल्वे नव्हे, तर गुलामांना पळून जाण्यास मदत करणारे गुप्त जाळे) पर्यटनलेख वाचला. पळून आलेले गुलाम बोगद्यांतून निसटत, हे त्यातील विधान पटले नाही. बहुतेकांना आसरा मिळे तो साध्या राहत्या घरांत. इंडियानातील फाउंटन सिटी येथे १८३९ मध्ये बांधलेले, पळून आलेल्या गुलामांना आसरा देणारे लेव्हाय कॉफिन यांचे घर पाहावे. वरच्या खोलीत छपराच्या उतरणीखाली अरुंद जागा आहे. तिच्या बुटक्या दारापुढे पलंग सरकवला की दार दिसेनासे होई. विहीर चक्क तळघरात! लपलेल्यांसाठी अंगणात एवढे पाणी शेंदले असते तर शेजाऱ्यांच्या नजरेत भरले असते. आणि पळालेल्या गुलामांविषयीच्या १७९३ च्या कायद्यानुसार आसरा देणाऱ्याला ५०० डॉलर दंड होता. इतरत्र कोणी बोगदा दाखवलाच, तर पुरावा विचारावा. पुष्कळदा ते जुने गटार किंवा पाण्याचे टाके निघते.
– एक वाचक, पुणे