गोधडीच्या मापातले सात सूत

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवण्यांत हल्ली तुकड्यांच्या गोधडीच्या कृती येतात. चित्र देखणे असते, पण खाली एवढेच लिहिलेले : ‘४ इंचाचे चौकोन कापा’. हे चार इंच कापतानाचे की शिवल्यावरचे? नऊ चौकोनांचा १२ इंची ब्लॉक (तुकडे जोडून केलेला मोठा चौकोन) हवा असेल आणि चौकोन चारचेच कापले, तर पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली कड, चारही बाजूंनी आत जाते. प्रत्येक चौकोन साडेतीनचा उरतो आणि ब्लॉक साडेदहाचा. चौकोनाला अर्धा इंच वाढवून साडेचारचा कापायचा, हे बहुतेकींना ठाऊक असते.

घोळ होतो तो त्रिकोणात. दोन त्रिकोण जोडून चार इंची चौकोन करायचा, तर साडेचारचा चौकोन कर्णावर कापून चालत नाही. ४ इंच ७ सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) घ्यावा लागतो. टोकाशी माया तिरकी पसरते, म्हणून अर्धा इंच पुरत नाही. काटेकोर हिशेब ०.८५४ इंचाचा येतो. फूटपट्टीवर त्याच्या लगतची वरची खूण सात सुतांची, म्हणून तेवढे घ्यायचे आणि जोडून झाल्यावर कडा साडेचारवर छाटायच्या. साडेचारचाच चौकोन कर्णावर कापला, तर जोडलेला तुकडा शेजारच्या चौकोनापेक्षा जवळजवळ तीन सूत लहान भरतो. मग तो ओढून बसवला जातो, उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी असलेली शिवण ताणली जाते आणि ब्लॉक मध्ये फुगतो. असा फुगा इस्त्रीने जात नाही.

एका चौकोनात चार त्रिकोण असतील, तर सव्वा इंच वाढवायचे : सव्वापाचचा चौकोन दोन्ही कर्णांवर कापायचा. यात लांब बाजू सरळ धाग्यावर येते. तीच बाहेर ठेवावी, नाहीतर ब्लॉकची कड लोंबते.

ब्लॉक तिरपे, शंकरपाळ्यासारखे लावायचे असल्यास गोधडीच्या कडेची मोकळी जागा भरणारे त्रिकोणही याच रीतीने निघतात. १२ इंची ब्लॉकचा कर्ण १७ इंचांना जेमतेम कमी. त्यात सव्वा मिळवून सव्वाअठराचा चौकोन घ्या, चार त्रिकोण मिळतील. चार कोपऱ्यांसाठी मात्र ९ इंच ३ सुतांचे दोन चौकोन, प्रत्येकी एकाच कर्णावर कापलेले. कडेचे उरलेले त्रिकोण कोपऱ्यात खपवू नयेत. त्यांची उरेब बाजू बाहेर येते.

माप बरोबर असूनही गोधडी आखूड येते, कारण कापड शिवणीवर दुमडताना थोडे खाते. माया दोन्ही बाजूंना अर्धा सूत जास्त गेली, तरी नऊ चौकोनांच्या ओळीतल्या आठ शिवणींत अख्खा इंच जातो. म्हणून माया पाव इंचाला केसभर कमी धरावी. मशीनवर कापड धरणाऱ्या दाब्याच्या कडेवर भरवसा नको, ती प्रत्येक मशीनची वेगळी. दीड इंची तीन पट्ट्या जोडून इस्त्री करा : मधली नेमकी एक इंच भरली पाहिजे. नाही भरली, तर सुईपासून मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा. शिंप्याच्या कापडी टेपऐवजी पोलादी पट्टी वापरा. टेप जुनी झाली की ताणते.

जुन्या लुगड्यांच्या गोधडीला हे गणित लागत नव्हते. तुकडे अस्तरावर मांडून, कडा दुमडून धावदोरा घातला की कमीजास्त तिथेच जिरायचे. ब्लॉकमध्ये जिरायला जागा नसते. तेव्हा प्रत्येक कृतीत कापायचे माप आणि शिवल्यावरचे माप अशी दोन्ही छापावीत, ही विनंती.

— एक शिवणवर्गचालक, सातारा