अडिस अबाबातील एका दिवसाबद्दल सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

झांबियातील कारखान्यात यंत्रे बसवण्यासाठी आमच्या औद्योगिक वसाहतीतून पाच जण निघाले आहेत आणि वाटेत इथिओपियाच्या राजधानीत, अडिस अबाबाला त्यांना जवळजवळ अख्खा दिवस थांबावे लागणार आहे, हे कानावर येताच आपण आम्हाला शाहूपुरीतील घरी बोलावून घेतलेत. ना ओळख, ना नाते. तरीही वयाच्या ऐंशीच्या घरात असताना दोन तास बसून, पूर्वी आपण जिथे शिक्षक होतात त्या शहराची माहिती आपण दिलीत आणि वहीच्या दोन पानांवर स्वतःच्या हाताने सूचना लिहून दिल्यात. कामानिमित्त आफ्रिकेत जाणाऱ्या इथल्या मुलांना असे कोणी आपल्याच गावात आहे हे कळावे, म्हणून हे आभार चारचौघांत मानत आहोत.

सर्वांत उपयोगी पडली ती घड्याळाची सूचना. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे नऊ म्हणजे त्यांचे तीन, हे आपण बजावले होते. विमान कंपनीने दिलेल्या हॉटेलातून आम्ही टॅक्सी ठरवली, तेव्हा ड्रायव्हरने ‘तीन वाजता येतो’ असे सांगितले आणि आम्ही नऊच्या ठोक्याला दारात उभे राहिलो. आपण सांगितले नसते, तर दुपारच्या तीनची वाट पाहत सगळा दिवस खोलीतच गेला असता. शहर सुमारे २,३५० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही हजारेक मीटर वर आहे, तेव्हा जिने सावकाश चढा, हा सल्लाही आमच्या फोरमनना पहिल्या तासातच पटला.

दिवस बुधवारचा होता. बुधवारी आणि शुक्रवारी तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवास धरतात आणि मांस, अंडी, दूधदुभते काहीच घेत नाहीत, हे आपण सांगितल्यामुळे आमच्यातल्या माळकरी सहकाऱ्याची मोठी काळजी मिटली. परदेशात उपाशी राहायची तयारी ठेवून ते निघाले होते. टेफ या तिथल्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाची भलीमोठी पोळी म्हणजे इंजेरा, तिच्यावर मसूर, कोबी, पालेभाजी आणि मधोमध शिरो, असे एकच ताट आम्हा सर्वांपुढे आले. हरभऱ्याच्या पिठाचा तो शिरो म्हणजे आपल्या पिठल्याची सख्खी बहीण. ड्रायव्हरने आपल्या हाताने पहिला घास माळकऱ्यांना भरवला. ही तिथली आपुलकीची रीत आहे, तेव्हा मागे सरकू नका, असे आपल्या पानावर लिहिलेले होते, आणि एरवी कोणाच्या ताटात हात न घालणाऱ्या त्या गृहस्थांनी तो घास आनंदाने घेतला. आम्ही नेलेले कंदी पेढेही आपल्या सूचनेप्रमाणे ‘उद्या खा’ असे सांगूनच ड्रायव्हरच्या हाती दिले. परक्या पाहुण्यांना आपला उपवास ठाऊक आहे, याचे त्यांना फार अप्रूप वाटले.

राष्ट्रीय संग्रहालयात मात्र आम्ही आपल्यासाठी गेलो. सप्टेंबर १९७४ मध्ये सम्राट हैले सेलासी यांना पदच्युत करण्यात आले, त्याच सुमारास आपण नोकरी सोडून परतलात आणि लगेच नोव्हेंबरमध्ये हदार येथे ‘ल्युसी’ या मानवाच्या आदिम पूर्वजाचा सांगाडा सापडला. तो पाहायचा राहून गेल्याची आपली खंत आम्ही ऐकली होती. मूळ हाडे तिजोरीत जपून ठेवलेली असून मांडणीत त्यांची प्रतिकृती आहे. बत्तीस लाख वर्षांपूर्वी दोन पायांवर चालणारी ही ल्युसी उंचीने जेमतेम साडेतीन फूट होती. सांगाड्याचा सुमारे चाळीस टक्के भाग मिळाला आहे, आणि जवळ उभे राहिल्यावर तो फारच लहान वाटतो. आपण जिथे नेहमी जात होतात ते होली ट्रिनिटी कॅथेड्रलही पाहिले. सन २००० मध्ये सम्राटांचे अवशेष तिथे आणून ठेवले आहेत आणि शेजारी सम्राज्ञींची ग्रॅनाइटची शवपेटी आहे.

कॉफीला बसलात तर तिसरा पेला घेतल्याशिवाय उठू नका, हेही आम्ही पाळले. कच्च्या बिया धुऊन, समोर भाजून, त्यांचा धूर पाहुण्यांपुढे फिरवून, मग कुटून जेबेना या मातीच्या सुरईत उकळेपर्यंत बराच वेळ जातो. त्या वेळात ड्रायव्हरशी खरे बोलणे झाले. त्यांच्या वडिलांना शाळेत गणित शिकवायला भारतीय शिक्षक होते. आपल्याविषयी सांगताच त्यांनी वडिलांना फोन लावला, आणि त्या वृद्ध गृहस्थांनी इंग्रजीत, अगदी सावकाश, ‘तुमच्या गावच्या सरांना माझा नमस्कार सांगा’ असे म्हटले. तो निरोप या पत्राने आपल्याकडे पोहोचवत आहोत. त्या काळी शिकवायला गेलेल्या आपल्यासारख्यांनी जो मान मिळवून ठेवला, त्याचाच लाभ त्या दिवशी आम्हाला झाला, असे आम्ही मानतो.

संग्रहालयातील छायाचित्रे मोठ्या आकारात छापून घेतली आहेत. आपल्या सोयीने वेळ कळवावी, म्हणजे ती आणि तिथली कॉफी घेऊन येऊ. दिवाळीनंतर आमची दुसरी तुकडी त्याच वाटेने निघणार आहे. त्या मुलांनाही आपण तासभर द्यावा, ही विनंती आहे.

आपले कृतज्ञ,
सातारा औद्योगिक वसाहतीतील आम्ही पाच जण