चौथऱ्यावरचा डायमेकर

ब्युनॉस आयर्स
रविवार, रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई मध्येच पुरं करून टाकते, म्हणून लिहितेय. दादाला फोटो पाठवते, तो प्रिंट काढून देईल. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

तुमच्याकडे पाऊस लागला असेल. इथे जुलै म्हणजे ऐन थंडी. काल ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर मालबा म्हणून इथलं एक संग्रहालय आहे तिथे गेले. बाबा, तिथे तुमच्या लाइनीतला एक माणूस भेटला. म्हणजे फोटोत.

मोठा थोरला काळापांढरा फोटो. गौरीच्या आराशीला आपण पायऱ्या करतो तसा चौथरा आणि त्यावर एक कुटुंब: नवरा, बायको आणि पुस्तकात डोकं घातलेला शाळकरी मुलगा. कपडे साधे, घरातलेच. मला वाटलं कुणाचा तरी कौटुंबिक फोटो असेल. शेजारची माहिती वाचली तर तो माणूस ‘मात्रिसेरो’. मैत्रिणीला विचारलं, मात्रिसेरो म्हणजे कोण? ती म्हणाली, कारखान्यात साचे, डाय बनवतो तो. मी तिथेच हसायला लागले. शिरोली एमआयडीसीतली अख्खी टूलरूम डोळ्यांसमोर आली.

गोष्ट 1968 च्या मे महिन्यातली. इथल्या फ्लोरिडा नावाच्या रस्त्यावर दी तेल्ला संस्थेचं कलाकेंद्र होतं. (हे दी तेल्ला मूळचे कारखानदार. इटलीतून आलेल्या माणसाने कणीक तिंबायची यंत्रं बनवायला सुरुवात केली, पुढे फ्रिज आणि मोटारीही निघाल्या. मैत्रिणीच्या आजीकडे त्यांचाच फ्रिज होता. आपल्याकडे गोदरेजचं कपाट असतं ना, तसं काहीसं.) तिथे त्या वर्षी बऱ्याच तरुण कलाकारांचं एकत्र प्रदर्शन भरलं, ‘एक्सपेरिएन्सियास 68’. चित्रं जवळजवळ नाहीतच. ओस्कार बोनी नावाच्या विशीतल्या कलाकाराने काय केलं, तर एका डायमेकरला बायकोमुलासकट चौथऱ्यावर आणून बसवलं. फोटो नव्हे, खरी माणसं. त्यांच्या घरातले रोजचे आवाज टेप करून तिथे वाजत ठेवले. पाटी लावली की हा माणूस आपल्या धंद्यात जितकं कमावतो त्याच्या दुप्पट पैसे त्याला बायको-मुलासह इथे बसून राहण्याचे मिळतात. कामाचं नाव ‘कामगार कुटुंब’. संपलं.

म्हणजे बाबा, डबल ओटी. पण हातात कानस नाही, व्हर्नियर नाही, समोर जॉब नाही. नुसतं बसायचं आणि लोकांनी बघायचं.

आई, तू काय म्हणशील ते मला आत्ताच ऐकू येतंय: ‘आणि त्या बाईला काय?’ अगं, मीही तेच विचारलं. पाटीप्रमाणे पैसे त्याच्या धंद्याच्या हिशोबाने आणि त्याला. तीही तेवढाच वेळ त्या चौथऱ्यावर बसली असणार, पोराला गप्प बसवणं तिच्याच अंगावर आलं असणार, पण हिशोबात ती ‘बायकोसह’. यावर तिथल्या माहितीत एक अक्षर नाही.

लोक तेव्हाही भडकले होते म्हणतात. गरिबाला तमाशाला बसवलं, हा अपमान आहे, असं. मलाही आधी राग आला. मग तुमचा तो कॅलेंडरवाला फोटो आठवला, बाबा. मी सहावीत होते. कंपनीत फोटोग्राफर आला होता, नवीन युनिफॉर्म दिला आणि सरफेस ग्राइंडरपाशी तुम्हाला पांढरे हातमोजे घालून उभं केलं. तुम्ही घरी येऊन जेवताना नुसते धुमसत होतात, की फिरत्या मशीनवर हातमोजे घालणारा माणूस टूलरूममध्ये एक दिवस टिकायचा नाही, बोट ओढून घेईल. साहेब म्हणे, फोटोपुरतं तर आहे. मशीन बंद, मोजे खोटे, हसू खोटं. वर्ष संपल्यावर आईने त्या पानाचं माझ्या गणिताच्या पुस्तकाला कव्हर घातलं. पांढरी बाजू वर, तुम्ही आत. मी तासाला पुस्तक उघडून कव्हर वाकवून बघायचे.

तर बोनीने निदान हातमोजे घातले नाहीत. पैसे किती आणि कशाचे, हे पाटीवर लिहून टाकलं. माणसाला विकत घेतलंय हे लपवलं नाही. मला ते आवडलं की नाही अजून ठरत नाहीये. मैत्रीण म्हणाली की मग काम जमलंय. अशी वाक्यं ती फार करते.

बाकीच्यांचंही ऐका. रॉबेर्तो हाकोबीने तिथे टेलिप्रिंटर लावला होता, त्यावर फ्रेंच वृत्तसंस्थेच्या बातम्या खटखट उतरत. तेव्हा पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले होते, ते सगळं इथे कागदावर निघायचं. रॉबेर्तो प्लातेने सार्वजनिक मुतारीसारखी खोली बांधली. बाहेर पुरुष आणि बाईची चित्रं, आत काहीच नाही, फक्त भिंती. आता अशा भिंती दिसल्यावर लोक काय करणार? लिहिलं. प्रेमाबिमाचं लिहिलं, आणि सरकारबद्दलही लिहिलं. जनरल ओन्गानियाने 1966 साली सत्ता बळकावली होती, त्याच्यावर उघड बोलायची सोय नव्हती. पोलीस आले. गंमत म्हणजे त्यांनी प्रदर्शन बंद नाही केलं, फक्त त्या मुतारीला सील ठोकलं आणि समोर शिपाई उभा केला. येणाऱ्यांना तोही प्रदर्शनातलाच वाटला असेल तर नवल नाही.

एकाचं काम सील झालं म्हणून बाकीच्या कलाकारांनी आपापली कामं बाहेर फ्लोरिडा रस्त्यावर आणली आणि स्वतःच मोडून टाकली. आज त्या रस्त्यावर ‘काम्बियो, काम्बियो’ ओरडत डॉलर बदलून देणारे उभे असतात. तिथून जाताना आता मला तो ढिगारा दिसतो. पण कुटुंबाचं काय मोडणार? ते उठून घरी गेले असतील. पोराचा अभ्यास राहिला असेल.

बोनीने त्यानंतर बरीच वर्षं कला सोडली आणि रॉक बँडचे फोटो काढत राहिला. दी तेल्लाचं ते केंद्रही 1970 मध्ये बंद झालं.

बाबा, पुढचं खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही कोल्हापूरचे आहात आणि कुठलाही विषय उसापर्यंत नेता. अर्जेंटिनाच्या उत्तरेला तुकुमान प्रांत आहे, सगळा ऊस. ओन्गानियाच्या सरकारने तिथले 11 साखर कारखाने बंद केले. सरकारी जाहिराती म्हणायच्या की आता तुकुमानची भरभराट होणार. मे मधल्या त्या प्रदर्शनातलेच काही कलाकार आणि रोसारिओ शहरातले काही, असे मिळून तिकडे गेले. कामगारांना भेटले, फोटो काढले, फिल्म घेतली, मुलाखती टेप केल्या आणि नोव्हेंबरात सगळं रोसारिओला मांडलं. संग्रहालयात नाही, कामगार युनियनच्या कचेरीत. नाव ‘तुकुमान जळतंय’. आत शिरताना जमिनीवर कारखानामालकांची नावं, ती तुडवतच जायचं. मध्येच दिवे घालवायचे: दर काही मिनिटांनी तिकडे एक मूल दगावतं, ते कळावं म्हणून. आणि येणाऱ्याला कॉफी द्यायची ती बिनसाखरेची.

बिनसाखरेची कॉफी! तुमच्या शुगरमुळे आई तुम्हाला चहा देते तसली. पण उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला तो घोट पटकन कळेल, कारखान्याचा भोंगा वाजायचा बंद झाला की गावाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ब्युनॉस आयर्सला तेच प्रदर्शन उघडल्या उघडल्या बंद करायला लावलं.

कालच्या सगळ्यात मला हेच धरून बसलंय. मे मध्ये कामगाराला कलेच्या घरी आणून बसवलं, नोव्हेंबरात कलाच कामगारांच्या कचेरीत गेली. सहा महिन्यांत. दुसरं मला जास्त सरळ वाटतं. पण झोपताना आठवतो तो पहिला, चौथऱ्यावरचा.

आई, तुला कंटाळा आला असेल. तुझ्यासाठी आत्ताच्या काळातलं एक सांगते. साल्ता प्रांतात विची नावाचे आदिवासी राहतात. तिथल्या क्लाउदिया आलार्कोन आणि त्यांच्याबरोबरच्या शंभरेक बायकांचा एक गट आहे, ‘सिलात’. त्यांच्या भाषेत निरोप. चाग्वार म्हणजे अननसाच्या कुळातलं एक काटेरी झुडूप, त्याचा वाख काढून, मांडीवर वळून सूत करतात आणि त्याच्या मोठमोठ्या चौकोनी विणकामात रंगांचे त्रिकोण, पायऱ्या बसवतात. पूर्वी याच विणीच्या पिशव्या करायच्या. 2024 ला व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम होतं. कापसाची वात मांडीवर वळणाऱ्या बाईला यात काय एवढं वाटेल, पण तुझी ती जांभळ्या काठाची गोधडी दादाकडे कुत्र्याखाली जाता कामा नये. माझ्यासाठी वेगळी काढून ठेव.

रविवारी फोन करते, तुमच्या रात्री नऊला. माझ्याकडे दुपारचे साडेबारा असतील. बाबा, कानाचं मशीन घालून बसा, मला एवढंच विचारायचंय: डबल पैसे दिले असते तर तुम्ही बसला असतात का? आई, तू त्यांच्या वतीने उत्तर द्यायचं नाही. तुझं वेगळं दे.

तुमची,
मनू